महिनोन्‌महिने तेच अल्बम: काय झिजलं, काय टिकलं

पहिल्यांदा ऐकून दिलेलं हे मत नाही. गेल्या हिवाळ्यापासून मोजकेच अल्बम पुन्हा पुन्हा ऐकतेय, तेही एका अटीवर: शफल बंद, मधे उड्या मारायच्या नाहीत, लावला की शेवटपर्यंत. जॅझ, हिंदुस्तानी, रॉक, पाश्चात्त्य अभिजात, हिप-हॉप, सगळं आलटून पालटून. यातले बहुतेक अल्बम गाजलेलेच आहेत, त्यामुळे ते चांगले आहेत की नाहीत हा प्रश्न नव्हताच. रोजच्या वापरात त्यांचं काय होतं, एवढंच बघायचं होतं.

निष्कर्ष आधीच सांगून टाकते. चप्पल वापरली की आधी टाच झिजते, तसा अल्बम वापरला की आधी त्याचा दर्शनी भाग झिजतो. ज्या सोलोसाठी, ज्या तानेसाठी, ज्या ओळीसाठी आपण त्याच्या प्रेमात पडलो, नेमकं तेच काही आठवड्यांत पाठ होतं आणि कान तिथून उठतो. उठून जातो कुठे, तर मागे, साथीकडे. ठेका, बास, डावा हात, तानपुरा. जिथे मागे रमायला जागा असते तो अल्बम राहतो. जिथे ती नसते तो कधी यादीतून गळतो ते कळतही नाही. पुढचं सगळं याच अंगाने लिहिलंय. 'आयुष्यात एकदा तरी ऐकावेत असे अल्बम' छापाची यादी हवी असेल तर इथे ती सापडणार नाही.

सुरुवात माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'पासून करते, कारण हे मला आधी तिथेच जाणवलं. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये, मार्च आणि एप्रिलमधल्या दोन दिवसांत हा ध्वनिमुद्रित झाला. ट्रम्पेटवर माइल्स, सॅक्सोफोनवर जॉन कोलट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स. बोललं जातं ते याच चौघांबद्दल. पण पहिलाच ट्रॅक 'सो व्हॉट' नीट ऐका. त्याचा मुखडा म्हणतो तो बास, पॉल चेंबर्सचा. बाकीची मंडळी प्रत्येक ओळीनंतर दोन सुरांत नुसतं हं हं म्हणतात. गायकाने मान डोलवायची आणि साथीदाराने बंदिश मांडायची, असा उलटा मामला. गंमत म्हणजे हे इतकं उघड असूनही सोलो सुरू होईपर्यंतचा भाग मी बरेच दिवस प्रस्तावना म्हणूनच ऐकत होते.

ट्रॅकचा सांगाडा अगदी साधा आहे. पहिले १६ बार (बार म्हणजे चार मात्रांचा एक फेरा) एकाच स्वरावलीत, जी आपल्या हिशेबाने काफी थाट: गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. मग ८ बार तेच सगळं अर्धा स्वर वर सरकतं, जणू कोमल रिषभालाच षड्ज केलं. आणि पुन्हा ८ बार मूळ घरी. कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांची) धावपळ नाही, एका स्वरावलीत निवांत बसून विचार करायला सवड. ख्याल ऐकलेल्या माणसाला या अल्बममध्ये शिरायला फारसा त्रास का होत नाही, त्याचं हे एक कारण असावं.

आणि ती झांज. माइल्सचा सोलो सुरू होतो तिथे, दीडेक मिनिटावर, ड्रमर जिमी कॉब झांजेवर एक टोला देतो. टोला जरा जोराचाच आहे; खुद्द कॉबलाही तो जास्त झाला असं वाटलं होतं. पण तो वाजून विरत नाही. त्याची आस ट्रम्पेटच्या पहिल्या वाक्याखाली पसरत राहते, आणि माइल्स इतके कमी सूर लावतो की त्या आसेला पुरती जागा मिळते. हल्ली मी हा ट्रॅक त्या टोल्यासाठी लावते. कोलट्रेनचा सोलो अजूनही थोरच आहे, पण तो कसा संपतो हे मला माहीत आहे. झांज मात्र हेडफोनवर वेगळी, स्पीकरवर वेगळी, रात्री आवाज बारीक केला की अजून वेगळी.

या अल्बमपुरती एक तांत्रिक सूचना. मूळ आवृत्तीत पहिल्या बाजूचे तिन्ही ट्रॅक किंचित चढ्या सुरात होते, कारण त्या दिवशी वापरलेलं टेप मशीन ठरल्यापेक्षा हळू चालत होतं. योग्य वेगाने वाजवलं की सगळं थोडं वर जायचं. १९९०च्या दशकातल्या पुनर्मुद्रणांत हे दुरुस्त झालं. जुनी तबकडी आणि नवी आवृत्ती दोन्ही हाताशी असतील तर फरक कळतो. जुनीचा सूर कानात बसलेल्यांना नवी जराशी थकलेली वाटते. मला नवीच बरी वाटते, बासला वजन येतं.

इथून पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'वर (१९७३) उडी लांबची वाटेल, पण मधे एक दोरी आहे. त्यांचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट याने पुढे सांगितलं होतं की 'ब्रीद'मधली एक कॉर्ड त्याने 'काइंड ऑफ ब्लू' ऐकून घेतली. हे वाचल्यावर दोन्ही अल्बम पाठोपाठ लावून पाहिले. गिटार आणि गाण्याच्या मागे, ओळ संपून पुन्हा सुरुवातीला वळते त्या वळणावर ती कॉर्ड आहे. आधी नुसती 'हवा' वाटलेली जागा एकदम कुणीतरी मुद्दाम तिथे ठेवलेली वस्तू वाटू लागली.

या अल्बममध्ये सर्वांत आधी झिजले ते त्याचे प्रसिद्ध आवाज. हृदयाचे ठोके, एकाच वेळी ठणाणणारी घड्याळं, नाण्यांचा खणखणाट. ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक घड्याळ टेप केलं होतं. पहिल्यांदा अंगावर काटा येतो, हे खरं. पण महिन्याभरात, आता वाजणार, आता वाजणार, म्हणून हात आपोआप आवाज कमी करायला जातो. त्याउलट 'मनी'चा बास अजून ताजा आहे. सात मात्रांचा फेरा. विभाग आपल्या सात मात्रांच्या रूपक तालाचे नाहीत, तरी सातात चालायची सवय असलेल्या पायाला तो लगेच आपला वाटतो. गिटारचा सोलो आला की सगळे चारात येतात, संपला की पुन्हा सातात. हा सांधा ते इतक्या सफाईने बदलतात की अजूनही कधीकधी मी मोजतच राहते आणि ते पुढे निघून गेलेले असतात.

आता किशोरीताईंचा (किशोरी आमोणकरांचा) भूप राग. 'प्रथम सूर साधे' (विलंबित, म्हणजे संथ) आणि 'सहेला रे' (द्रुत, म्हणजे जलद). यावर आजवर इतकं लिहिलं गेलंय की वेगळं काही म्हणायची हिंमत होत नाही. द्रुत बंदिश तर इतकी पाठ झाली होती की ऐकताना मी मनात एक पाऊल पुढे असायचे, आणि तसं ऐकणं हे ऐकणं नव्हेच. म्हणून काही दिवस लक्ष मुद्दाम तानपुऱ्याकडे लावलं. जवारी (तारेला झणकार देणारी घोडीची घडण) नीट लागलेली असली की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या तारेतून शुद्ध गंधार आपसूक उमटतो, मूळ कंपनसंख्येच्या पाचपट; जाणकार त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. आणि भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर गंधारच. एकदा हे कानाला सापडलं की विलंबिताचा अर्थच बदलतो. किशोरीताई गंधारावर येऊन थांबतात, तेव्हा तो तिथे आधीपासून असतो. त्या त्याला गाठतात, कधी किंचित खालून, कधी पंचमावरून उतरत, आणि क्षणभर गळा कुठला आणि तार कुठली हे वेगळं काढता येत नाही. एलपीची एक बाजू म्हणजे वीसेक मिनिटं. तेवढ्यात राग 'मांडून' होतो का, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. मला तेवढाच पुरतो.

गंधाराचीच अशी एक गोष्ट मला अगदी भलत्या ठिकाणी भेटली. एस्टोनियन संगीतकार आर्वो पेर्टचा 'टाबुला रासा' हा अल्बम (१९८४). त्यात बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराच्या स्मृतीसाठी रचलेली एक छोटी रचना आहे. तारवाद्यांचे गट एकच अवरोह वेगवेगळ्या लयींत उतरत जातात: कुणी एकपट, कुणी त्याच्या निम्म्या गतीने, कुणी त्याच्याही निम्म्या. स्वरावली मायनर, म्हणजे गंधार कोमल. सोबत एक घंटा, ठरावीक अंतराने, षड्जावर. शेवटी सगळे आपापल्या मुक्कामी पोचतात आणि एकदम थांबतात. पण त्याआधी घंटेचा एक टोला वाद्यांच्या गजरात हळूच देऊन ठेवलेला असतो. तो तेव्हा ऐकू येत नाही. वाद्यं थांबली की उरते फक्त घंटेची आस, आणि त्या आसेत शुद्ध गंधार. इतका वेळ जो कोमल होता तो. स्वस्त हेडफोनवर हे बिलकूल कळत नाही, रिकाम्या खोलीत स्पीकरवर कळतं. संपूर्ण यादीत एकच जागा दाखव म्हणाल तर मी ही दाखवेन.

'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) आपल्याकडे कोणाला सांगायला नको: शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर, आणि काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस अशी कल्पना. निर्मिती एचएमव्हीच्या जी. एन. जोशींची. पहाटेच्या अहिर भैरवापासून शेवटच्या पहाडीपर्यंत रागांचा क्रम वेळेला धरून आहे, त्यामुळे शफलवर ऐकणं म्हणजे दुपारनंतर पहाट आणणं. यात मागे सरकून ऐकल्यावर हाती लागली ती गिटार. संतूरला मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, कलमाचा, म्हणजे वाजवायच्या काडीचा, घाव पडला की स्वर विझायला लागतो. शिवकुमारजींनी कलमं तारांवर थरथरवून तो लांबवायची युक्ती काढली, तरी तुटकपणा थोडा राहतोच. त्या फटी कोण भरतं? बरेचदा बासरी नव्हे, तर काब्रांची मांडीवर आडवी घेतलेली गिटार, सळईने स्वर ओढत. ती पुढे येत नाही म्हणून तिचं नाव तिसरं घेतलं जातं. इतकं सोपं, सुरेल आणि सगळ्यांना आवडणारं काही ऐकताना मला थोडा संशयच येतो. हा अल्बम त्या संशयाला पुरून उरलाय.

पियानोवादक ग्लेन गूल्डचे दोन 'गोल्डबर्ग'. संगीतकार बाखची ही रचना १७४१ साली छापली गेली: एक आरिया (संथ धून), तिच्यावर ३० व्हेरिएशन्स (तिचीच बदलती रूपं), आणि शेवटी तीच आरिया पुन्हा. गूल्डने ती १९५५ मध्ये मुद्रित केली आणि १९८१ मध्ये पुन्हा. पहिली साधारण ३८ मिनिटांची, दुसरी ५१. आधी मी दोन गूल्डमध्ये भांडण लावून ऐकत होते: तरुण की पोक्त, वेग की विचार. यात बराच वेळ गेला आणि मजाही आली. पण खरी किल्ली निराळीच आहे. बाखची व्हेरिएशन्स आरियाच्या चालीवर रचलेलीच नाहीत. ती तिच्या खालच्या बासच्या ओळीवर आहेत. चाल शोधत बसलात तर तिसऱ्या-चौथ्या व्हेरिएशनला रस्ता हरवतो. डाव्या हाताचे पहिले आठ सूर धरून ठेवा, मग ३२ बारांची ती वाट प्रत्येक वेळी पायाखाली लागते, वर कितीही धुमाकूळ चालू असो. यानंतर मला १९८१ची प्रत जास्त जवळची झाली, कारण तिथे बास ऐकायला अवधी आहे. गूल्ड वाजवताना गुणगुणतो, तेही मुद्रणात आलंय. काहींना ते खुपतं. मला नाही, तो नेमका काय गुणगुणतो ते लक्ष देऊन ऐका, बहुतेक वेळा बोटं जे ठळक वाजवतायत ते नसतं.

डावा हात निघालाच आहे तर पियानोवादक कीथ जॅरेटचा 'द कोल्न कॉन्सर्ट'. २४ जानेवारी १९७५, कोल्नच्या ऑपेरा हाउसमध्ये रात्री उशिरा झालेला एकट्याचा कार्यक्रम, आधी काहीही ठरवलेलं नाही. मंचावर भलताच पियानो आलेला: लहान, सरावाचा, वरची पट्टी पत्र्यासारखी आणि खालची दमच नसलेली. कार्यक्रम भरवणारी मुलगी १८ वर्षांची. तिने जॅरेटला कसंबसं राजी केलं. ही कथा मी इतक्यांदा वाचली होती की तीच ऐकायची सवय लागली होती, संगीत बाजूलाच. कथा जुनी झाल्यावर ऐकू येऊ लागलं ते असं: खालच्या पट्टीत दम नाही म्हणून तो डाव्या हाताने एकच लहानसा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतो, मिनिटेच्या मिनिटे. तबल्याच्या साथीला सतत फिरणाऱ्या लेहऱ्याच्या धुनेसारखा. उजवा हात त्यावर वाट्टेल तिकडे फिरतो, जॅरेट पाय आपटतो, हुंकारतो (हुंकार खूप आहेत, सावध राहा), पण लेहरा ढळत नाही. पहिला भाग २६ मिनिटांचा आहे. मधली काही मिनिटं उजव्या हाताला काही सुचत नाही असं स्पष्ट वाटतं, आणि तेव्हा डावा त्याला सांभाळून नेतो.

ब्रायन इनोच्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'ला (१९७८) तर दर्शनी भागच नाही. सगळी साथ, मुख्य कलाकार गैरहजर. दुसऱ्या तुकड्यात फक्त गायलेले सुटे स्वर आहेत, प्रत्येक स्वर टेपच्या वेगळ्या लांबीच्या फेऱ्यावर: एक सुमारे साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा सव्वीसच्या जरा आधी, आणखी एक तिसाच्या जरा आधी. आवर्तनं आहेत पण कुणाचं कुणाशी जुळत नाही, त्यामुळे सम, म्हणजे सगळे एकत्र येतात तो आवर्तनाचा पहिला ठोका, काही येत नाही. ताल ऐकणाऱ्या माणसाला सुरुवातीला बेचैन व्हायला होतं. काम करताना लावायला उत्तम, झोप लागत नसताना निरुपयोगी, कारण मी समेची वाट बघत जागी राहते.

'ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब' (१९९७) थोडक्यात. मार्च १९९६ मध्ये हवानाच्या स्टुडिओत मालीहून येणारे वादक पोचले नाहीत आणि त्यांच्याऐवजी जुन्या क्यूबन गायक-वादकांना गोळा केलं गेलं. त्यातला गायक कोम्पाय सेगुंदो तेव्हा नव्वदीला टेकलेला. 'चान चान'मध्ये खालचा, दुसरा आवाज त्याचा. आयुष्यभर त्याने तोच लावला. घरात कुणीही असो, कुणाची तक्रार येत नाही असा हा यादीतला एकमेव अल्बम.

रॅपर केंड्रिक लमारचा 'टू पिंप अ बटरफ्लाय' (२०१५) सगळ्यात अवघड गेला. सव्वा तासाहून मोठा, शब्दांचा मारा, संदर्भ अमेरिकेतले. एक कविता ट्रॅकागणिक ओळीओळीने वाढत जाते आणि शेवटी पूर्ण ऐकवली जाते, त्यामुळे सुटी गाणी ऐकणाऱ्याला ती मिळतच नाही. शब्द निम्मे कळत नव्हते तेव्हा मला त्यात धरून ठेवलं ते थंडरकॅटच्या बासने आणि मागे फिरणाऱ्या जॅझ मंडळींनी. पण इथे माझं सूत्र उलटं पडलं. इतर अल्बममध्ये शब्द किंवा चाल आधी आणि साथ नंतर. इथे बासवरून आत शिरले आणि महिन्यांनी शब्दांपाशी पोचले. अजून पुरती पोचलेली नाही.

काही व्यावहारिक गोष्टी. ट्रॅक एकमेकांत मिसळवणारी क्रॉसफेडची सोय बंद करा आणि गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये फट न पाडणारी सोय) चालू ठेवा. 'डार्क साइड'मध्ये ट्रॅक एकमेकांत उतरतात, तिथे अर्ध्या सेकंदाची फट पडली तरी चिडचिड होते. सगळ्या ट्रॅकचा आवाज सारखा करणारी सोय असेल तर तीही बंद, नाहीतर हलक्या आवाजात मुद्दाम ठेवलेलं काहीतरी उगाच अंगावर येतं. 'विस्तारित आवृत्ती' शक्यतो टाळा. 'काइंड ऑफ ब्लू'च्या शेवटी 'फ्लामेंको स्केचेस'चा दुसरा टेक (त्याच ट्रॅकचं वेगळं मुद्रण) जोडलेला असतो. टेक सुंदर आहे, पण अल्बम संपल्यावर पुन्हा तोच ट्रॅक कशाला. कमी बिटरेटवर (फाइल लहान करायला आवाजाचा तपशील कमी केला की) सर्वांत आधी बिघडते ती झांज, सळसळ ऐकू येते. आणि फोनच्या स्पीकरवर यातलं काहीच ऐकू नका. डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्‌झच्या आसपास असते. तो इवलासा स्पीकर तिथवर जातच नाही, म्हणजे मी वर जे काही लिहिलंय ते नेमकं गाळूनच तुम्हाला ऐकू येणार.

यादीतून गळलेला अल्बम एकच, आणि तो सुरुवातीला माझा सगळ्यात लाडका होता: शक्ती या वाद्यवृंदाचा पहिला, १९७५ मध्ये प्रेक्षकांसमोर मुद्रित झालेला. जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन, झाकीर हुसेनांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम आणि रामनाड राघवन यांचं मृदंगम. 'जॉय' हा १८ मिनिटांचा ट्रॅक पहिल्या पंधरवड्यात मी भेटेल त्याला ऐकवला. गिटार आणि व्हायोलिन जिवाच्या आकांताने एकत्र धावतात, एकही सूर सांडत नाही. पण तो वेग पाठ झाल्यावर मागे जायला जागाच उरत नाही, कारण सगळेच पुढे आहेत. साथ करायला कोणी थांबलेलंच नाही. सलग ऐकणं आता बंद केलंय. मधेच विनायकरामांचा घटम एकटा पडतो आणि मातीवरची बोटं वेगवेगळी ऐकू येतात, तेवढा तुकडा काढून ठेवलाय आणि माझ्याच अटीच्या विरुद्ध तो सुटा लावते.